उन्हाळ्याची सुट्टी आणि विद्यापीठाचं मैदान

परीक्षा संपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी गुडघे, पाठ आणि 'संघात निवड का झाली नाही'. उन्हाळा लागला की मात्र 'मॅडम, आता जरा वेळ आहे, काय करू?' यंदाची बरीचशी पत्रं विद्यापीठांच्या आवारातून आली आहेत. मी नोकरीची सगळी वर्षं विद्यापीठाच्या क्रीडा विभागातच काढली, त्यामुळे उत्तरं जरा हक्कानं दिली आहेत. कुणाला लागलीच बोचली तर माफी असावी.

प्रश्न : मॅडम, मी पीएच.डी. करते. सुट्टीत होस्टेल रिकामं झालं, मैत्रिणी घरी गेल्या. मी दिवसभर लॅबमध्ये असते आणि संध्याकाळी इतका कंटाळा येतो की खोलीत आले की पडूनच राहते. व्यायाम करायला हवा हे कळतं, पण कोणता करावा ते ठरत नाही. रोज एक तास काढणं मला जमणार नाही.

तुझ्या पत्रात व्यायामाबद्दल दोन ओळी आहेत आणि रिकाम्या होस्टेलबद्दल जवळजवळ एक पान (इथे कापून छापलंय). म्हणजे दुखणं कुठे आहे ते तुलाही ठाऊक आहे. तुला व्यायामप्रकार नकोय, संध्याकाळी कुणीतरी वाट बघायला हवंय.

तेव्हा आधी माणूस शोध. सुट्टीत थांबलेली तू एकटी नाहीस. शेजारच्या विभागातही कुणीतरी प्रयोग सोडून जाता येत नाही म्हणून अडकलेलं असतंच. दोघीतिघी जमलात की वेळ ठरवा आणि जागा ठरवा. 'बघू, जमलं तर' असं ठरवलेलं सुट्टीत कधीही जमत नाही. 'साडेसहाला लायब्ररीच्या पायऱ्यांवर' असं ठरवलं तर न येणाऱ्याला निदान कारण तरी द्यावं लागतं. मग तुम्ही चाला, बॅडमिंटन खेळा, नुसत्या फेऱ्या मारत गाइडच्या तक्रारी करा. माझ्या हिशेबात ते सगळं चालतं.

तासाचं ओझं तर डोक्यातून काढूनच टाक. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही करावं. याआधीच्या, 2010 च्या मार्गदर्शनात 'सलग किमान दहा मिनिटं' अशी अट होती. ती नव्यात काढून टाकली. म्हणजे लॅबचा जिना तू भराभर चढलीस तर तोही धरायचा. मध्यम श्रम म्हणजे काय, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की झालं.

आणि एक कर. लॅबमधून थेट मैदानावर जा. आधी खोलीत जाऊन 'पाच मिनिटं' टेकायचं नाही. त्या खाटेनं माझे भले भले खेळाडू गिळलेत.

प्रश्न : आमच्या विद्यार्थी कल्याण समितीकडे उन्हाळी उपक्रमांचं काम आहे. गेल्या वर्षी आम्ही चौदा प्रकारचे वर्ग ठेवले होते. झुंबा, योग, स्केटिंग, बॅडमिंटन, स्वसंरक्षण, सगळं. पहिल्या आठवड्यात नावनोंदणीला रांग, तिसऱ्या आठवड्यात प्रशिक्षक एकटेच. यंदा नवीन काय आणावं?

नवीन काहीही आणू नका. चौदातले अकरा कमी करा.

समित्यांचं हे नेहमीचं आहे. यादी जितकी लांब तितकं काम झाल्यासारखं वाटतं. पण सुट्टीत आवारात कोण उरतं, हे कुणी मोजत नाही. पदवीचे विद्यार्थी बहुतेक घरी जातात आणि वर्ग मात्र त्यांच्यासाठीच आखलेले असतात. उरतात ते संशोधक, दूरच्या गावचे किंवा परदेशातले विद्यार्थी, कार्यालयातला स्टाफ, पाळीनं काम करणारे सुरक्षारक्षक, बागेत नि मेसमध्ये राबणारी माणसं, क्वार्टर्समधली कुटुंबं, त्यांची मुलं, आणि निवृत्त होऊनही लायब्ररी न सुटलेले दोनचार प्राध्यापक. या माणसांना सकाळी सहाचा झुंबा काय कामाचा? संशोधक तेव्हा नुकता झोपलेला असतो, क्वार्टर्समधली आई मुलांचं आवरत असते आणि रक्षकाची पाळी बदलत असते. पोस्टर छापण्याआधी समितीतल्या कुणीतरी एक वही घेऊन संध्याकाळी फाटकाशी, मेसशी आणि लायब्ररीच्या दाराशी उभं राहावं आणि 'तुम्ही किती वाजता मोकळे होता?' एवढंच विचारावं. अर्धा कार्यक्रम तिथेच ठरतो.

मला या बाबतीत दोन खेळांच्या जन्माची गोष्ट फार आवडते. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाच्या हाती एक वर्ग आला. हिवाळ्यात व्यायामशाळेत तेच ते कवायतीचे प्रकार करून वैतागलेली तरणीताठी पोरं. त्यानं फळांच्या टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि बास्केटबॉल झाला. चारच वर्षांनी, 1895 मध्ये, जवळच्याच होल्योकमध्ये विल्यम मॉर्गनकडे येणारी मंडळी वयानं मोठी होती. त्यांना बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की झेपेना. त्यानं मध्ये जाळी बांधली, एकमेकांच्या अंगावर जायचा प्रश्नच मिटवला, आणि सुरुवातीच्या नियमात एका बाजूला कितीही खेळाडू चालतील असं ठेवलं. तो व्हॉलीबॉल. दोघांनीही आधी समोरची माणसं पाहिली, मग खेळ ठरवला. तुमच्या समितीनं आधी खेळ ठरवले आणि मग माणसांची वाट पाहिली.

म्हणून व्हॉलीबॉल ठेवाच. पोहायला तलाव असेल तर पोहणं ठेवा. तिसरा चालण्याचा गट. तो फुकट आहे म्हणून समित्यांना क्षुल्लक वाटतो, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकतो तोच. बॅडमिंटनचा मोह होईल. ठेवायचंच असेल तर हॉल आधी भर दुपारी जाऊन पाहा. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं. पंखे चालू ठेवले तर शटल कोर्टाबाहेर, बंद ठेवले तर खेळणारे कोर्टाबाहेर. पंखे बंद केलेल्या हॉलमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी दुहेरीचा सामना खेळवून पाहिलाय मी. तिसऱ्या गेमला सर्व्हिस करणाऱ्याच्या हातातून घामानं रॅकेट सुटून थेट जाळीत गेली. तेव्हा हॉल संध्याकाळी उशिराच उघडा.

तिसऱ्या आठवड्यात माणसं का गळाली, याचं उत्तर मी पैजेवर देते. पहिल्या दिवशी आलेले पुढे गेले आणि जो मागाहून आला, किंवा मध्ये चार दिवस आजारी पडला, त्याला सगळ्यांसमोर चुकत उभं राहायची लाज वाटली. प्रत्येक संध्याकाळी अर्धा तास नवशिक्यांचा राखून ठेवा, अगदी शेवटच्या आठवड्यातही. थोड्या जास्तीच्या रॅकेट, पोहण्याचे चार चष्मे, टोप्या विभागाकडे असू द्या. 'सामान नाही' या सबबीखाली पुष्कळदा 'येत नाही' दडलेलं असतं. आणि पहिल्याच रविवारी स्पर्धा लावू नका. स्पर्धेत एक जण जिंकतो आणि बाकीच्यांना आपण कुठे आहोत ते कळतं. तेच कळू नये म्हणून तर ते आले होते.

एक गोष्ट मात्र कागदावर घ्या : ऊन फार झालं तर खेळ थांबवायचा निर्णय कोणाचा? तो मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचाच हवा, गार खोलीत बसलेल्या अध्यक्षांचा नव्हे. आणि नुसतं तापमान बघू नका. अंग गार होतं ते घाम वाळल्यानं, नुसता येऊन नव्हे. हवा दमट असेल तर घाम नुसता निथळतो आणि कामाला येत नाही. 1950 च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या शिबिरांत जवान उन्हानं कोसळू लागले, तेव्हा त्यावर वेट बल्ब ग्लोब तापमान हा निर्देशांक काढला गेला. उघड्यावर मोजताना त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला 70 टक्के वजन असतं, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला 20 आणि आपण एरवी जे 'आजचं तापमान' म्हणतो त्याला फक्त 10. हातात मावणारी यंत्रं मिळतात. बॅनरच्या पैशात एखादं बसत असेल तर बॅनर टाका.

प्रश्न : वय 58. प्राध्यापक आहे. पोहता येत नाही आणि आता शिकायची इच्छा आहे, पण तलावावर माझेच विद्यार्थी असतात. शिवाय पाण्याची भीती वाटते. या वयात जमेल का? तलावाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येतो, तोही सोसत नाही.

सर, तुमचे विद्यार्थी तुमच्याकडे बघत नाहीत. ते स्वतःच्या पोटाकडे बघत असतात.

जमेल. खरं सांगायचं तर तुमच्या वयाची माणसं मला शिकवायला आवडतात, कारण ती सांगितलेलं ऐकतात, आणि अंगावर थोडी चरबी असल्यामुळे तरंगतातही बरी. सडपातळ, पिळदार मुलांचे पाय दगडासारखे खाली जातात.

हातपाय मारणं शेवटी येतं. पहिले काही दिवस तुम्ही छातीएवढ्या पाण्यात कठड्याला धरून उभे राहणार आणि एकच काम करणार : तोंड पाण्यात घालून नाकातोंडातून बुडबुडे काढायचे. नवशिका श्वास रोखून धरतो. मग तोंड वर आलं की त्याच क्षणात त्याला जुना श्वास सोडायचाही असतो आणि नवा घ्यायचाही असतो. दोन्ही होत नाही, पाणी जातं, खोकला येतो आणि माणूस म्हणतो, मला पोहणं जमत नाही. पोहणं राहिलं बाजूला, त्याला श्वास सोडणंच कुणी शिकवलेलं नसतं. पाण्यात सोडायचा, वर घ्यायचा. हे कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला म्हणजे भीती गेली असं मी समजते.

मग उताणं तरंगणं. फुप्फुसं भरलेली असली की बहुतेकांची छाती आपोआप वर राहते. कान पाण्यात बुडू द्या. इथेच सगळे मान उचलतात, आणि डोकं वर आलं की कंबर खाली जातेच. शिकवणाऱ्याला तुमच्या डोक्याखाली नुसता तळवा धरायला सांगा. तो हात त्यानं कधी काढून घेतला हे तुम्हाला कळणार नाही. अर्थात काढताना त्यानं सांगूनच काढावा. फसवून शिकवणारे प्रशिक्षक मला मान्य नाहीत.

जीवरक्षक हजर नसेल तर पाण्यात उतरू नका, मग तुमच्याबरोबर पट्टीचा पोहणारा का असेना. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो ही समजूत चुकीची आहे. तोंड पाण्याखाली-वर होत असताना ओरडायला श्वासच उरत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा सगळं मुकाट्यानं होतं. तसं कुणी दिसलं तर तुम्ही उडी मारायची नाही. काठी पुढे करायची, दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेकायची आणि हाक मारायची. बुडणारा वाचवणाऱ्यालाच घट्ट धरतो.

आता वासाचं. तो क्लोरीन जास्त झाल्याचा वास आहे असं सगळे समजतात. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात. डोळे झोंबतात आणि घशाशी येतं ते त्यांच्यामुळे. म्हणजे उग्र वासाचा तलाव बऱ्याचदा जास्त औषधाचा नसून न धुता उतरलेल्या माणसांचा असतो. पाण्यात जाण्याआधी साध्या पाण्याखाली मिनिटभर नीट अंघोळ, हा नियम तुम्ही पाळा आणि प्राध्यापकाच्या आवाजात इतरांनाही सांगा. तो आवाज निदान इथे तरी उपयोगी पडेल.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या संघात लांब पल्ल्याची धावपटू आहे. सुट्टीत सराव चुकू नये म्हणून उन्हातच धावायचं ठरवलंय, म्हणजे सवय होईल. पाणी किती प्यायचं? कोणी म्हणतं जितकं जास्त तितकं चांगलं.

सवय होते, पण हट्टानं होत नाही. शरीराला उन्हाशी जुळवून घ्यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पहिल्या आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेव आणि हळूहळू वाढव. दोनतीन आठवडे गारव्यात काढलेस तर कमावलेलं बरंचसं जातं, तेव्हा घरी जाऊन परत आल्यावर पुन्हा खालूनच सुरू करायचं.

'जितकं जास्त तितकं चांगलं' हे चूक आहे. घामापेक्षा जास्त पाणी घटाघट प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. त्यानं डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, आणि थेट जिवावरही बेतलेलं आहे. तुझा आकडा तुलाच काढता येतो. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन कर. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लीटर घाम गेला. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळव. नंतर वजन जास्त भरलं तर तू प्रमाणाबाहेर पाणी प्यालीस.

एकटी धावू नकोस. बरोबरची असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या खायला लागली किंवा उगीच चिडायला लागली तर ती दमली असेल म्हणून सावलीत नुसती बसवून ठेवू नका. तो उष्माघात असू शकतो. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहायचं नाही. धावणाऱ्याला उष्माघातातही घाम येतो. कुणीतरी लगेच रुग्णवाहिकेला फोन करा आणि बाकीच्यांनी जागच्या जागी तिला थंड करायला घ्या. गार पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवा आणि धरून ठेवा. टब नसेल तर अंगावर सतत पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करायचं, मग हलवायचं. वाटेतला वेळ फार महाग पडतो.

प्रश्न : जिमच्या पहिल्या दिवशी मित्रांच्या नादानं शेकडो बैठका मारल्या. दुसऱ्या दिवसापासून जिना उतरता येत नाही. असं दुखणं चालतं का?

चालतं. सवय नसलेल्या श्रमानंतरचं दुखणं एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त जाणवतं आणि मग ओसरतं. हलकं चालत राहा, पुढच्या वेळी वीसवर थांबा आणि मित्र बदला. पण लघवी चहासारखी गडद झाली, मांड्या सुजून टणक झाल्या किंवा दुखणं वाढतच गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं अडवतात. हे अंगापिंडानं धडधाकट तरुणांनाच जास्त होतं, कारण त्यांना थांबायची लाज वाटते.

प्रश्न : आमच्या विभागात दर उन्हाळ्यात 'ताणमुक्ती' या विषयावर दोन तासांचं व्याख्यान ठेवतात आणि हजेरी सक्तीची असते. तुमचं मत?

सक्तीच्या हजेरीनं ताण कसा जातो, हे मलाही एकदा ऐकायला आवडेल. ते दोन तास विभागाला सुट्टी द्यावी, किंवा एक कॅरम बोर्ड आणावा. ज्याला खरोखर झोप लागत नाही, जेवण जात नाही, ज्याच्या मनात वाईटसाईट येतं, त्याला व्याख्यान पुरणार नाही. त्याच्यासाठी समुपदेशकाची वेळ सुट्टीतही चालू आहे का, हे विभागप्रमुखांना विचारा आणि ती वेळ दारावर लावा.

प्रश्न : मी विद्यापीठात सुरक्षारक्षक आहे. रात्रपाळी असते. सुट्टीत मैदान आणि व्यायामशाळा रिकामीच असतात. आम्हाला वापरता येतील का, हे कुणाला विचारावं? आणि रात्रपाळीनंतर व्यायाम करावा का?

तुमचं पत्र मी वरच्या समितीच्या पत्राशेजारीच मुद्दाम छापायला सांगणार होते, पण छापणाऱ्यांनी जागेचं कारण दिलं. समितीच्या मंडळींनी इथपर्यंत वाचलं असेल अशी आशा आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. पाळी संपल्यावर लगेच दम काढणारा व्यायाम नको. अंग तापतं आणि झोप लांबते. वीस मिनिटं सावकाश चाला, हातपाय ताणा आणि झोपा. घरी जाताना काळा चष्मा घातला तर सकाळचं ऊन झोप उडवत नाही. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या, कारण प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. जोराचा व्यायाम झोप झाल्यावर, संध्याकाळी कामावर निघायच्या आधी. तोही आठवड्यातून दोनतीनदा पुरे. रात्रभर उभं राहणाऱ्याला पिंडऱ्या, पाठ आणि पोटाचे स्नायू घट्ट करणारं काही हवं, धावणं नव्हे.

आता मैदानाचं. अर्ज क्रीडा संचालकांच्या नावे करा आणि प्रत विद्यार्थी कल्याण समितीला द्या. एकट्याच्या नावानं देऊ नका, पाळीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. 'सवलत मिळावी' असं लिहू नका. 'संध्याकाळी 5 ते 6 व्यायामशाळा रिकामी असते, ती वेळ आमच्या पाळीला सोयीची आहे, तेव्हा नेमून द्यावी' असं लिहा. तुमचा कंत्राटदार वेगळा असेल आणि कुणी म्हणालं की तुम्ही विद्यापीठाचे नाही, तर नियमावलीत तसं कुठे लिहिलंय ते लेखी मागा. उत्तर आलं की मला कळवा, नकाराचं असलं तरी. पुढच्या अंकात छापू.